तिथीची पाऊणपट

‘वैनी, आज तिथ काय वो?’

भागीनं कुडापलीकडून विचारलं तेव्हा माझ्या तुळशीला अकरा प्रदक्षिणा झाल्या होत्या. एकवीस पुऱ्या होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, असा माझा नेम. पण या एका प्रश्नाला मी सूट दिली होती, कारण भागीचं पोट त्यावर चालायचं.

‘चतुर्थी,’ मी म्हणाले. ‘आज संकष्टी.’

‘म्हंजे चार.’ तिनं बोटांची पेरं मोजली. ‘चाराची पाऊणपट तीन. तिनाला भरती, नवाला सुकती. साडेआठाला निगू. ट्रंक भरलीत?’

मी मान हलवली.

‘आन पोट?’

‘उपास आहे.’

‘खाडीला नाय ठाव तुमचा उपास. दोन केळी तरी खावा,’ असं म्हणून ती गेली, आणि मी बारावी प्रदक्षिणा सुरू केली.

आमच्या हेदुळात खाडीत उतरणाऱ्या बायकांचा हाच हिशेब होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तिच्या सहा तास आधी ओहोटी, जिला त्या सुकती म्हणत. सुकतीला चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायच्या आणि पाणी फिरायच्या आत वर यायचं. पंचांग त्यांच्यापैकी कुणाच्या घरी नव्हतं. ते माझ्याकडे होतं, आणि खरं तर मला ते उघडावंही लागत नसे. चतुर्थी, प्रदोष, एकादशी, पौर्णिमा सगळं पाळणाऱ्या बाईला डोळे उघडताच तिथी ठाऊक असते. एरवी भागीला कालच्या पाण्यावरून आजचं पाणी कळलं असतं. पण आठ दिवस ती लेकीकडे होती आणि आदल्या संध्याकाळीच परतली होती.

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दीर अप्पाभावजी आणि जाऊबाई यांच्याकडे मी राहत होते, आणि त्यांनी मला कधी वाकडा शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. त्या घरात मी इतकी कमी जागा घेत असे, की वाकडा शब्द बोलायला कुणाला कारणच मिळत नसे.

मला भीती वाटायची. विहिरीत मी कधी डोकावले नाही. लग्न होऊन आले तेव्हा तरीच्या होडीतून खाडी ओलांडली ती डोळे मिटून, आणि त्यानंतर सोळा वर्षांत पुन्हा नाही. न्हातानासुद्धा डोक्यावरून तांब्या ओतायचा तर मी आधी श्वास कोंडून धरायची. भीती फार दाटली की मी नवा नेम धरी. यजमान आजारी पडले तेव्हा सोमवार धरले. ते गेल्यावर मौनानं जेवण. पुढे प्रदक्षिणा, लक्ष वाती, रोजचं स्तोत्र. नेम वाढत गेले तशी गावात माझी ‘बाई मोठी देवाची’ अशी ख्याती झाली.

त्या कार्तिकात एका रात्री जेवताना अप्पाभावजी म्हणाले, की जाऊबाईंच्या आई घाटावर अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांचं करायला घरचं माणूस हवं, आणि वहिनी तर मोकळ्याच आहेत. मोकळ्या म्हणजे मी. मी भाताचा घास गिळला. जेवताना माझं मौन असे.

ही गोष्ट भागीला कुठून कळली कोण जाणे. ती कुडाशी येऊन म्हणाली, ‘ती म्हातारी मेली की दुसरी म्हातारी काडतील. त्यांच्यात म्हाताऱ्यांना तोटा नाय.’ आणि दुसऱ्या दिवशी तिनं मला जवळजवळ ओढतच हायस्कुलातल्या बाईंकडे नेलं. खाडीपलीकडे सावरबंदरला मुलींचं वसतिगृह होतं, तिथली स्वयंपाकीण सोडून गेली होती. बाईंनी अर्ज भरला, मी सही केली. महिन्याभरानं टपालानं कागद आला. अमुक तारखेला सकाळी अकरापर्यंत हजर व्हावे, न झाल्यास पुढील उमेदवार बोलावण्यात येईल. राहायला खोली.

मी तो कागद देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे ठेवला आणि भावजींना सांगितलं. त्यांनी तो दोनदा वाचला.

‘जमेल तुम्हाला?’ त्यांनी विचारलं, आणि विचारण्यात काही कुत्सित नव्हतं. मी म्हटलं, देवाची इच्छा.

मग एसटीचा संप सुरू झाला. खाडीला वळसा घालून जाणारा रस्ता चाळीस कोसांच्या घरात, त्यावर एकही गाडी नाही. तरीच्या होडीची तळाची फळी फुटली होती, ती किनाऱ्यावर उपडी पडलेली. जाऊबाईंच्या भावाची जीप मात्र यायची होती, ती माझ्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी, मला घाटावर न्यायला. भावजी म्हणाले, ‘एसटी बंद, तर बंद. म्हणजे देवाच्याच मनात नाही, वहिनी.’ मी मान खाली घातली.

भागी लेकीकडून आली तशी थेट कुडाशी. माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, ‘मग सुकतीला चालत जाव.’

म्हणून ती त्या सकाळी, माझ्या तारखेच्या दिवशी, तिथ विचारत होती.

साडेआठाला आम्ही निघालो नाही. मी प्रदक्षिणा संपवल्या, मग दुर्वा निवडल्या, मग आठवलं की निरांजन घासायचं राहिलं. भागी अंगणात उकिडवी बसून होती. जाऊबाईंनी तिला चहा दिला. ‘देवाला सांगा, सांजच्याला बोलू,’ ती दोनदा म्हणाली. जाऊबाईंना हसू आलं. निघताना त्यांनी माझ्या हातावर दही घातलं आणि म्हणाल्या, नाहीच जमलं तर परत या, लाज वाटून घेऊ नका. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

कांदळाच्या झाडांतून आम्ही काठाशी आलो. समोर अर्धा मैल काळाभोर ओला चिखल, मध्ये पाण्याची एक बारीक पांढरी धार, तिच्यापलीकडे पुन्हा चिखल, आणि मग सावरबंदरची कौलं. भागी क्षणभर उभी राहिली. तिनं धारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ट्रंक डोक्यावर घेतली आणि म्हणाली, ‘माज्या पावलात पाऊल टाका. दुसरीकडं नाय.’

मी तिच्या मागे उतरले.

पहिला चिखल घोट्यापर्यंत होता, गार आणि जिवंत काहीतरी असल्यासारखा बोटांतून वर येणारा. भागी हातातल्या काठीनं ठोकत पुढे जाई आणि बोलत राही. तिच्या जावयाला म्हणे मासे खायचे कळतात, पण धरायचे कळत नाहीत. मी फक्त तिच्या टाचा बघत होते. मधे एकदा मी थांबले. पुढचं पाऊल उचलेचना. ती मागे वळली नाही, नुसतं म्हणाली, की थांबलं की चिखल धरतो, चालणाऱ्याला धरत नाही. मी पाऊल उचललं. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी वेळ गेला.

मधल्या धारेला पोचलो तेव्हा ती बारीक राहिली नव्हती. काठावरून जी गुडघाभर वाटली होती ती भागीच्या कमरेला लागली. मी तिच्या पदराचा शेव मुठीत धरला आणि डोळे मिटले. ‘डोळं उघडा,’ ती म्हणाली, ‘मिटल्यानं पाणी कमी होत नाय.’ मी उघडले. पाण्यावर कांदळाची पिवळी पानं वाहत होती. ती समुद्राकडे जात नव्हती. ती आत, गावाकडे चालली होती.

पाणी फिरलं होतं.

भागीनंही पानं बघितली. ती भरभर चालू लागली.

पलीकडच्या चिखलात शंभरेक पावलं गेलो असू. काठ दिसत होता, काठावरची मोडकी जेट्टी दिसत होती. भागीनं काठी टेकली, काठी नीट उभी राहिली, भागीनं पाऊल टाकलं आणि ती एकदम बुटकी झाली. उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला होता. डावा गुडघ्यावर दुमडलेला. ट्रंक तिनं सोडली नव्हती.

‘मागं सरा,’ ती म्हणाली. ‘तुमी मागं सरा आदी.’

मी सरले. तिनं ट्रंक पुढ्यात चिखलावर आडवी टाकली, तिच्यावर दोन्ही हात रोवून पाय उपसून बघितला. चिखलानं चुळबुळही केली नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तोवर आमच्याभोवती पाणी आलं होतं. ते लाटेसारखं आलं नाही. नुसतं होतं त्याच्याहून जास्त होत गेलं. चिखलावर चकाकी आली, मग चकाकीचं बोटभर पाणी झालं, मग वीतभर.

मी स्तोत्र म्हणायला तोंड उघडलं. पाच वर्षं रोज म्हटलेलं. पहिला शब्द आठवेना. दुसरा आठवे, पण पहिल्याशिवाय तो कुठे ठेवायचा ते कळेना.

‘भागी,’ मी म्हणाले. ‘मी तिथ खोटी सांगितली.’

ती ट्रंकेवर वाकली होती. तिनं मान वर केली नाही.

‘संकष्टी आज आहे, पण सूर्योदयाला तृतीया होती. चतुर्थी दुपारी लागते. चंद्रोदयाला असते म्हणून उपास आज. भरती तृतीयेची. सव्वादोनाची. ओहोटी सव्वाआठालाच होऊन गेली.’ मी बोलतच सुटले. एवढं सलग मी वर्षानुवर्षं बोलले नव्हते. ‘मला ठाऊक होतं. तू विचारलंस तेव्हा ठाऊक होतं. मला वाटलं, आपण काठावर येऊ, पाणी चढलेलं दिसेल, तू म्हणशील आता नाही जमायचं, आणि मी घरी जाईन. मला घरी जायचं होतं. कुणी म्हणू नये की ही भ्याली, म्हणून.’

पाणी तिच्या कमरेच्या वर आलं होतं.

‘ठाव हाय,’ भागी म्हणाली.

‘काय?’

‘काल सांजचा चांद बगितला मी. दिवं लागलं आन लगेच वर आला. त्याला दुजेचाच चांद म्हंतात. मला काय खुळी समजलीस?’ त्या एका वाक्यात ती मला तू म्हणाली आणि नंतर जन्मभर तूच म्हणाली. ‘काठावं मी म्हनलं असतं ना पानी फिरतंय, तर तू आलीच नसतीस. म्हनलं, पोचू. तू असली गोगलगाय असशील, ते नाय धरलं मी.’

मी रडायला लागले. ती म्हणाली, रड, पण रडता रडता ऐक. पाय ओढून निघायचा नाही. पायाच्या कडेनं चिखल उकरायचा, म्हणजे पाणी आत शिरतं आणि पाय सुटतो. तिचे हात तिथवर पोचत नव्हते. माझे पोचले असते. ट्रंकेवर पोटावर पडायचं, म्हणजे मी रुतणार नाही, आणि खाली हात घालायचा.

मी ट्रंकेवर पडले. पत्रा छातीला गार लागला. पाण्यात हात खांद्यापर्यंत घातला. तिच्या मांडीला बोटं लागली, पण गुडघा दूर होता.

‘पोचत नाही.’

‘डोकं घाल.’

‘काय?’

‘डोकं पान्यात घाल, तर पोचंल.’

मी तिच्याकडे पाहिलं. आता तिचा चेहराही पांढरा पडला होता. त्या बाईला मी कधी घाबरलेली पाहिली नव्हती. तिच्या हातचं पाणी मी सोळा वर्षांत तुळशीलाही घातलं नव्हतं, तेही एक पाळणंच होतं माझं. आणि मला दिसलं की माझ्यासाठी ती अजूनही बोलते आहे, मी पळून जाऊ नये म्हणून. मी एकटी गेले असते तर काठाला पोचले असते. जेट्टी पन्नास-साठ हातांवर होती. हेही तिला ठाऊक होतं.

मी डोकं घातलं.

काळोख. कानात धाडधाड. नाकात खारट, कुजकट पाणी. मी लगेच वर आले, खोकले, ओकले. पुन्हा घातलं. या वेळी गुडघा सापडला. त्याच्या कडेनं मी बोटं खुपसली आणि उकरलं, मूठमूठ, कुत्र्यानं उकरावं तसं. वर आले. पुन्हा खाली. अंबाडा सुटून केस तोंडावर आले. प्रत्येक वेळी वाटे की आता श्वास नाही यायचा, आणि प्रत्येक वेळी तो येई. ट्रंक माझ्याखाली हळूहळू खाली जात होती. मी वर आले तेव्हा एकदा भागी म्हणाली, की नख तुटलं तरी चालेल, पण घाई कर. एकदा ती काहीच म्हणाली नाही. पाणी तिच्या गळ्याशी होतं.

मग माझ्या मुठीखाली काहीतरी हललं. चिखलानं मोठा सुस्कारा सोडल्यासारखा बुडबुडा आला आणि भागी आडवी होऊन पाण्यावर पसरली. तिचा पाय आला.

‘ट्रंक,’ मी म्हणाले. ‘ट्रंकेत देव आहेत.’

‘देव बुडत नाय. मान्सं बुडतात. उतानी पड.’

ती मला ओरडत नव्हती, पण तिच्या आवाजाला नाही म्हणता येत नव्हतं. मी उताणी पडले. तिनं माझे मोकळे केस मुठीत धरले आणि पोहायला लागली. माझ्या वर नुसतं आभाळ होतं, मार्गशीर्षातलं, निळं. कानांत पाणी, खाली पाणी, आणि मी बुडत नव्हते. मी ओरडावं असं वाटलं, पण भीतीनं की कशानं ते कळेना, म्हणून ओरडले नाही.

जेट्टीच्या पायऱ्यांवर आम्ही किती वेळ पडून होतो ते माहीत नाही. भागीच्या दातांवर दात आपटत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘येवडी काळी मान्सं मी रंगपंचमीला पन बगितली नाय.’ मी पोटाशी खोचलेली प्लास्टिकची पिशवी चाचपली. कागद होता. ओला, पण होता.

वसतिगृहाच्या दारात पोचलो तेव्हा बाराला वीस मिनिटं होती. अधीक्षिका टिपणीसबाई व्हरांड्यात आल्या. उंच, चष्मा लावलेल्या, हाताला पीठ लागलेलं. आमच्याकडे बघून त्या दोन पावलं मागे गेल्या. मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोन बोटांनी धरला, वाचला, घड्याळाकडे बघितलं.

‘अकरा म्हटलं होतं.’

‘हो.’

‘संप आहे म्हणून मला वाटलं तुम्ही येत नाही. मी गावातल्याच दुसऱ्या बाईंना निरोप पाठवला आहे. चार वाजता येतील त्या.’ मग जरा नरम आवाजात, ‘तुम्ही अंघोळ करा, काहीतरी खा आणि मग—’

मी अशा वेळी नेहमी मान खाली घालते. तेव्हाही घातली. पायांवरचा चिखल वाळायला लागला होता. आणि तेवढ्यात मला वास आला.

‘बाई,’ मी म्हणाले, ‘भात लागतोय.’

‘काय?’

मी त्यांच्या बाजूनं आत गेले. तशीच. चुलीला शिवायचं तर न्हाऊन, धुतलेलं नेसून, असं आयुष्यभर पाळलेली मी खाडीचा सगळा चिखल अंगावर घेऊन स्वयंपाकघरात शिरले. मोठं पातेलं होतं. कोपऱ्यात पडलेलं गोणपाट घेतलं, पातेलं उतरवलं, झाकण काढलं, वर ओला फडका आणि त्याच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला, म्हणजे करपल्याचा वास वर चढत नाही. डाळ बघितली. तिला फोडणीच नव्हती. टिपणीसबाई दारात उभ्या होत्या.

‘त्या बाईंना निरोप पाठवा,’ मी डाळ ढवळत म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. ‘येऊ नका म्हणावं. मी आले आहे.’

त्यांनी माझ्या चिखलानं भरलेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘बारा वाजता त्रेपन्न मुली जेवायला बसतात. आधी हात तरी धुवा.’

‘चोपन्न पानं,’ मी म्हणाले. ‘माझ्याबरोबरची बाई आहे.’

त्या नोकरीत मी चोवीस वर्षं काढली. ट्रंक मिळाली नाही. पहिलं वर्ष मी देव म्हणून सुपारी पूजली. पुढच्या मे महिन्यात भागीनं माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला त्याच खाडीत पोहायला शिकवलं. मुलींना घेऊन मी किल्ल्यावर गेले, दीपगृहावर गेले, एकदा होडीनं बेटावर गेले. नेम अजून पाळते. भागी परवाच्या माघात गेली, म्हणून हे लिहिते आहे. त्या दिवशी मी काय केलं होतं हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी मुली पंगतीला बसल्या तेव्हा कुणाचं तरी परकर-पोलकं घालून भागी त्यांच्यात बसली होती आणि खाडीची गोष्ट सांगत होती. तिच्या गोष्टीत चूक खाडीची होती, पाय रुतला तो तिच्याच वेंधळेपणानं, आणि मी मगरीसारखी पाण्याखाली गेले होते. मुली तिच्याकडे बघत होत्या आणि मग माझ्याकडे. मी न्हाऊन, टिपणीसबाईंचं लुगडं नेसून भाताची परात घेऊन उभी होते.

शेवटच्या पानावरच्या एका लहान मुलीनं विचारलं, ‘बाई, तुम्हाला भीती नाही वाटली?’

भागीनं मान खाली घालून मीठ सारखं केलं.

‘वाटली,’ मी म्हणाले. ‘आत्ताही वाटते आहे.’

त्या मुलीनं आपलं ताट माझ्याकडे थोडं सरकवलं, आणि मी पहिला भात तिला वाढला.